गावाची रेकॉर्ड



गेली काही वर्षे अधूनमधून एक बातमी वाचायला मिळते. काळ्या तबकड्या पुन्हा बाजारात आल्या आहेत. जिला आपण सरळ ‘रेकॉर्ड’ म्हणत आलो, तिला आधी कॅसेटने मागे सारले, मग सीडीने, मग मोबाइलने. ती कायमची गेली असे समजून लोकांनी माळ्यावर टाकली, भंगारात दिली. आणि आता तीच वस्तू मोठ्या शहरांतल्या दुकानांत दर्शनी भागात मांडली जाते. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्डने संख्येत सीडीला मागे टाकले. आपल्याकडेही नव्या हिंदी चित्रपटांची गाणी रेकॉर्डवर निघू लागली आहेत. देशात रेकॉर्डी छापण्याचे काम कित्येक वर्षे बंद होते. २०२४ साली मुंबईत तसा कारखाना पुन्हा सुरू झाला. एका नव्या रेकॉर्डला दोन-तीन हजार रुपये सहज पडतात. तरी तरुण मुले-मुली त्या घेतात, याचे अनेकांना नवल वाटते.

त्याच अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात आणखी एक गमतीची गोष्ट दिसली. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्या लोकांकडेच ती वाजवायचे यंत्र होते. बाकीच्यांनी ती भिंतीवर लावायला घेतली असेल, कुणाला भेट द्यायला घेतली असेल, किंवा आवडत्या गायकाची एक खूण म्हणून. मी त्यांना हसत नाही. आपल्या घरातही न वाचलेली पुस्तके असतातच.

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक दोन गोष्टी सांगतात. एक, रेकॉर्डच्या आवाजात एक ऊब असते. दोन, रेकॉर्ड ऐकताना माणूस एका जागी बसतो, मध्येच गाणे बदलत नाही, बाजू संपली की उठून उलटी करतो. म्हणजे लक्ष देऊन ऐकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांत जे चित्र उभे राहते ते एका दिवाणखान्याचे असते. आरामखुर्ची, मंद दिवा, एकटा श्रोता. मला आज सांगायचे आहे ते असे, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, उमरखेड या भागांत, रेकॉर्ड अशी कधी नव्हतीच. ती दिवाणखान्यात फार थोड्यांच्या होती. आमची रेकॉर्ड गावाची होती. आणि आठवण काढायचीच तर त्या रेकॉर्डची काढली पाहिजे.

आधी थोडा इतिहास सांगतो. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग नावाचा एक ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीसाठी मुद्रित केले. तेव्हा ध्वनिमुद्रण इथे व्हायचे आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. गाणे संपल्यावर गौहरजान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे, ते याचसाठी, की तिकडच्या कारागिराला कोणत्या तबकडीवर कुणाचे नाव छापायचे ते कळावे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मग रेकॉर्डी देशभर पसरल्या.

ती जुनी तबकडी कशाची बनलेली असे, हे आपल्या जिल्ह्याने तरी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिच्यात मुख्य पदार्थ होता लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर तयार करतात, तीच ही लाख. ती शुद्ध करून तिच्यात दगडाची बारीक भुकटी घालायची, काळ्या रंगासाठी काजळी, आणि मिश्रण चिवट व्हावे म्हणून कापसाचे बारीक तंतू. हा सगळा लगदा तापवून साच्यात दाबला की झाली तबकडी. ज्या जिल्ह्यात फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो आणि दसऱ्यानंतर अंगणात कापसाचे ढीग लागतात, त्या जिल्ह्यातल्या माणसाला ग्रामोफोनची रेकॉर्ड परकी वाटायचे कारण नव्हते. जगातली बरीचशी लाख आपल्या देशातून जायची. दुसऱ्या महायुद्धात तिची इतकी टंचाई झाली की १९४२ साली अमेरिकी सरकारने रेकॉर्डींसाठी लागणाऱ्या लाखेवर बंधन घातले आणि तिथले दुकानदार गिऱ्हाइकांकडून जुन्या, फुटक्या रेकॉर्डी परत मागू लागले.

ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि तिच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच गाणे मावायचे. तासभर राग आळवणाऱ्या गवयांना हे फार जड गेले. पण याच तीन मिनिटांनी मराठीला एक नवी देणगी दिली, ती म्हणजे भावगीत. आणि त्यात आपल्या भागाचा हात आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची रेकॉर्ड निघाली. मराठी भावगीताचा आरंभ या रेकॉर्डपासून धरतात. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि कितीतरी थोर गायकांचे आवाज त्यांच्या हातून तबकडीवर उतरले.

पण ही रेकॉर्ड गावात पोचायची कशी? चावीचा ग्रामोफोन होता तो एखाद्या देशमुखाच्या वाड्यात, एखाद्या वकिलाकडे किंवा जिनिंगच्या मालकाकडे. त्यांच्या ओसरीवर चार मुले दबकत उभी राहायची आणि कर्ण्यात माणूस बसला आहे का ते पाहायची. शेतमजुराच्या, सुताराच्या, कोष्ट्याच्या घरी रेकॉर्ड विकत घेऊन ऐकणे शक्यच नव्हते. या माणसांपर्यंत रेकॉर्ड नेली ती लाऊडस्पीकरवाल्याने.

माझे वडील दारव्ह्याला लाऊडस्पीकरवाले होते. १९५८ साली त्यांनी हा धंदा सुरू केला आणि १९८६ साली बंद केला. सामान म्हणजे दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, मोटारीची एक जड बॅटरी, रेकॉर्ड फिरवायचे यंत्र आणि रेकॉर्डींची लाकडी पेटी. तेव्हा बऱ्याच खेड्यांत वीज नव्हती. म्हणून आवाज मोठा करायला बॅटरी आणि तबकडी फिरवायला चावी, अशी विभागणी असायची. चावी द्यायचे काम माझ्याकडे होते. चावी द्यायला उशीर झाला की गायकाचा आवाज बसत जायचा आणि मांडवातली मंडळी ओरडायची, “अरे, बाईचा बुवा झाला!”

पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलायची, असा नियम होता. छोट्या पत्र्याच्या डबीत त्या पिना यायच्या. पण परवडत नसल्यामुळे एकच पिन पाच-सात वेळा वापरली जायची. लाखेच्या तबकडीतली भुकटी त्या पिनेला झिजवायची आणि झिजलेली पिन मग तबकडीला ओरखडे पाडायची. रेकॉर्डींचे आयुष्य त्यामुळे कमी झाले, हे खरे. पण ज्या माणसाला एका लग्नामागे मोजके रुपये मिळायचे, त्याने पिना किती विकत घ्याव्यात?

बैलगाडीत सामान टाकून आम्ही गावोगाव जायचो. गावात पोचल्यावर पहिले काम म्हणजे उंच कडुनिंब शोधायचा. त्याच्या शेंड्याजवळ भोंगा बांधला की आवाज दोन-तीन कोस जायचा. आजूबाजूच्या गावांना आपोआप कळायचे, की अमुक गावात लग्न आहे. शेतात निंदण करणाऱ्या बाया हात न थांबवता ऐकायच्या. ज्यांना लग्नाचे आमंत्रण नव्हते त्यांनाही गाण्याचे आमंत्रण असायचे.

आणि कोणत्या वेळी काय वाजवायचे याचे एक शास्त्र होते. पहाटे भक्तिगीते आणि भूपाळी. वरात निघताना बिस्मिल्ला खाँची सनई. पंगत बसली की नवी सिनेमाची गाणी. दुपारी म्हातारी मंडळी बालगंधर्वांचे किंवा मास्टर दीनानाथांचे नाट्यपद मागायची. आणि मुलगी सासरी निघाली की पाठवणीचे गाणे. १९६८ साली ‘नीलकमल’ आला आणि त्यातले महंमद रफींचे पाठवणीचे गाणे आले. त्यानंतर दुसरे कोणतेही गाणे त्या वेळेला चालेनासे झाले. मुलीचा बाप एरवी रेकॉर्डकडे ढुंकून पाहायचा नाही. पण आदल्या रात्री हळूच येऊन वडिलांना सांगायचा, “भाऊ, पोरगी गाडीत बसली का थेच गाणं लावजो. इसरू नको.”

रामनवमीला गीतरामायण असायचे. ते मुळात रेकॉर्डसाठी केलेले नव्हते, हे अनेकांना ठाऊक असेल. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ती ५६ गीते पुणे आकाशवाणीने १९५५ पासून वर्षभर प्रसारित केली. पुढे त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या. १९७३ साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा माडगूळकरच अध्यक्ष होते. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्याकडचे कितीतरी लोक संमेलनाला आले ते साहित्याच्या ओढीने नव्हे, तर भोंग्यावर ऐकलेले रामायण ज्याने लिहिले तो माणूस बघायला.

पण वडिलांच्या पेटीत फक्त रामनवमी नव्हती. एप्रिलच्या १४ तारखेला हाच भोंगा बाबासाहेबांच्या जयंतीला लागायचा. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत हा दिवस मोठ्या उत्साहाने होऊ लागला होता. त्यासाठी भीमगीतांच्या रेकॉर्डी वेगळ्या ठेवलेल्या असत. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज त्या दिवशी कितीदा लागायचा याची गणती नव्हती. उरुसाला कव्वाल्या, गणपतीत शाहीर साबळ्यांचे पोवाडे, पोळ्याला लोकगीते. एकच पेटी, एकच भोंगा. तो आज मारुतीच्या पारावरच्या निंबाला, परवा वस्तीतल्या पिंपळाला, तेरवा दर्ग्याच्या मिनाराला.

भोंगा सगळीकडे जायचा म्हणून गावात भेद नव्हते, असे मी म्हणणार नाही. भेद होते आणि कडक होते. विहिरी वेगळ्या होत्या, पंगती वेगळ्या होत्या. पण कान वेगळे करता येत नसत. जयंतीचे गाणे वरच्या आळीला ऐकावेच लागायचे आणि सत्यनारायणाचे भजन वस्तीला. त्यातून काही माणसांचे मन मोठे झाले असेल, काहींचे नसेल. पण एकमेकांची गाणी सगळ्यांना पाठ होती, एवढे नक्की. आजच्यासारखे प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे आणि शेजाऱ्याच्या गाण्याचा पत्ताच नाही, असे नव्हते.

यातही सगळे आवाज आले नाहीत. ज्यांना बाजार होता त्यांच्याच रेकॉर्डी कंपन्या काढीत. आपल्या जिल्ह्यातल्या कोलामांच्या, गोंडांच्या, बंजाऱ्यांच्या गाण्यांना तिथे फारशी जागा मिळाली नाही. तांड्यावर लग्न असले की बाया आपली गाणी आपल्याच गळ्याने म्हणायच्या आणि त्या थांबल्या की मग वडील रेकॉर्ड लावायचे. “त्यायचं झाल्याबिगर आपलं लावायचं नाही,” हा त्यांचा नियम होता.

मग कॅसेट आली. १९८० नंतर पाच-सहा वर्षांत सगळे चित्र पालटले. कॅसेट स्वस्त, हलकी, फुटत नाही, पिन लागत नाही, बैलगाडीच्या हादऱ्याने उडी मारत नाही. ज्याला त्याला आपले गाणे आपल्या घरी ऐकता येऊ लागले. हे चांगलेच झाले. पूर्वी ज्याला लाऊडस्पीकरवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे, त्याच्या हातात गाणे आले. वडिलांनी पेटीला कुलूप लावले आणि माळ्यावर ठेवली. त्यांनी कधी त्याचे दुःख केले नाही. “लोकायले गाणं भेटलं ना, मंग झालं,” एवढेच म्हणाले. २०११ साली ते गेले.

दोन वर्षांपूर्वी आमचे दारव्ह्याचे घर विकायची वेळ आली. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला शिक्षणासाठी पैसे हवे होते. पेटी खाली काढली. कुणीतरी सांगितले म्हणून शहरातला एक रेकॉर्डींचा व्यापारी गाडी घेऊन आला. माणूस जाणकार होता, बोलायला सभ्य होता. त्याने एकेक रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून पाहिली आणि अर्ध्या तासात दोन ढीग केले. एका ढिगात व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्डी, ज्यांची रंगीत वेष्टने शाबूत होती. त्यांची किंमत ऐकून आम्ही दोघे भाऊ थक्क झालो. दुसऱ्या ढिगात लाखेच्या जुन्या जड तबकड्या आणि काही छोट्या रेकॉर्डी. “या घासलेल्या आहेत, याला बाजारात काही नाही. वजनावर घेऊ शकतो,” तो म्हणाला.

पहिला ढीग आम्ही विकला. पुतणीचे शिक्षण महत्त्वाचे होते आणि ज्या घरी त्या जातील तिथे त्या नीट वाजतील, यात वाईट काही नाही. दुसरा ढीग मी वजनावर दिला नाही. भावाने विचारले, “दादा, याचं काय करशील?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर महिनाभर मी त्या एकेक करून पुसत बसलो, तेव्हा उत्तर मिळाले.

त्या रेकॉर्डींच्या कागदी पाकिटांवर वडिलांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ‘हळद’, ‘वरात’, ‘पाठवणी’, ‘पंगत’, ‘१४ एप्रिल’, ‘उरूस’. काहींवर गावांची नावे होती. ज्या गावाला जे आवडायचे ते. एका नाट्यपदाच्या पाकिटावर लिहिले होते, ‘पाटलीनबाई दोनदा मागते’. आणि मला जाणवले, की ज्या रेकॉर्डीला व्यापारी घासलेली म्हणत होता, ती घासली होती कारण ती लोकांना हवी होती. जी कोरी राहिली ती कुणी मागितलीच नव्हती. बाजाराच्या हिशेबात झीज म्हणजे तोटा. आमच्या हिशेबात ती झीज म्हणजे पन्नास-साठ गावांच्या आवडीची नोंद आहे. ‘नीलकमल’मधल्या त्या पाठवणीच्या गाण्याची छोटी रेकॉर्ड पांढरी पडेपर्यंत झिजली आहे. तिच्यावर आता खरखरीखेरीज फार थोडे ऐकू येते. पण किती मुली त्या गाण्यावर गाडीत बसून सासरी गेल्या, हे त्या खरखरीइतके दुसरे काही सांगणार नाही.

म्हणून श्रोतेहो, या नव्या लाटेचे मला स्वागतच करावेसे वाटते, पण एक विनंती जोडून. जी नवी रेकॉर्ड आपण दोन-तीन हजारांना घेतो तिच्यावरचे गाणे मोबाइलवरही आहे. ती हरवणार नाही. जी हरवणार आहे ती माळ्यावरची जुनी. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी अशा कितीतरी पेट्या बाहेर निघतात आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांची, मंडप डेकोरेशनवाल्यांची, बंद पडलेल्या सिनेमा टॉकीजची, गणेश मंडळांची अशी पेटी आपल्या गावात कुठेतरी असेलच.

ती सापडली तर काय करावे, हे मी स्वतः शिकलो ते थोडक्यात सांगतो. आधी रेकॉर्ड कशाची आहे ते ओळखा. जड, कडक, पडली तर काचेसारखी फुटणारी आणि वर ७८ हा आकडा असलेली ती बहुधा लाखेची. हलकी, थोडी वाकणारी, ३३ किंवा ४५ आकडा असलेली ती व्हिनाइलची. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच लावू नका. लाख त्यात विरघळते. मऊ कापड, स्वच्छ पाणी, फार तर सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि लगेच कोरडे करणे, एवढे पुरते. मधला कागद भिजू देऊ नका, कारण त्यावरचे नाव आणि क्रमांक हाच तिचा जन्माचा दाखला. रेकॉर्डी एकावर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या खाली ठेवू नका. व्हिनाइल वाकडी होते.

वाजवतानाही एक काळजी घ्यायची. लाखेच्या रेकॉर्डीतली खाच व्हिनाइलपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते. नव्या यंत्राची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन बसते आणि नुसती खरखर येते. तिला ७८ ची जाड सुई वेगळी घ्यावी लागते. आणि जुन्या ग्रामोफोनची पोलादी पिन व्हिनाइलवर कधीही टेकवू नका. एकदाच टेकवली तरी गाणे कायमचे जाते. ज्याच्याकडे योग्य यंत्र आहे त्याच्याकडून त्या वाजवून संगणकात उतरवून घ्याव्यात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशा जुन्या रेकॉर्डींच्या याद्या करण्याचे आणि त्यांची माहिती छापण्याचे मोठे काम केले आहे. आपणही निदान एक वही करू शकतो. रेकॉर्डचे नाव, क्रमांक, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कुणाकडे होती, कुठे वाजायची, कोण मागायचे. पहिल्या दोन गोष्टी कुठल्यातरी यादीत सापडतील. शेवटच्या तीन फक्त आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहेत.

रेकॉर्ड ही मुळात कुणाला तरी पाठवलेली गोष्ट असते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक-एक रेकॉर्ड ठेवली आहे. तिच्यावर पृथ्वीवरची निवडक गाणी आहेत आणि सोबत ती वाजवायची सुईसुद्धा. त्या गाण्यांत भारतातले एक आहे, ते गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचे, भैरवीतले. दुसरे यान निघाले त्यानंतर अकरा दिवसांनी, त्याच सप्टेंबर महिन्यात, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र आजही सूर्यापासून दूर दूर चालला आहे, कधी काळी कुणी ऐकेल या भरवशावर. इतक्या दूरच्या अनोळखी श्रोत्यासाठी शास्त्रज्ञांनी निवडली ती तबकडीच, आणि ती कशी वाजवायची हे चित्रातून समजावले.

आपल्याला इतक्या दूरचा श्रोता शोधायचा नाही. आपली नातवंडे समोरच आहेत. माझ्या पेटीतल्या रेकॉर्डी मी आता संगणकात उतरवून घेतो आहे, आणि पाकिटांवरच्या वडिलांच्या खुणांची वही जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देणार आहे. गेल्या पोळ्याला नातू माझ्याकडे आला होता. त्याला एक रेकॉर्ड लावून दाखवली. त्याने खरखर ऐकून विचारले, “आबा, ही खराब झाली का?” मी त्याला म्हटले, “नाही रे. ही पुष्कळ लोकांनी ऐकली.”

आपल्याही माळ्यावर अशी पुष्कळ लोकांनी ऐकलेली रेकॉर्ड असेल तर भंगारात देण्यापूर्वी एकदा तिचे पाकीट उलटून पाहा.